हणमंताची फळी कच्ची नव्हती

हणमंता,

परवा तुझ्या शोकसभेत सात जण बोलले आणि सातही जण चुकले. सहा जणांना मी जागच्या जागी उभा राहून दुरुस्त केले. शोकसभेत असे करायचे नसते, असे शेजारी बसलेल्या दोघांनी माझा सदरा ओढून सांगितले; त्यांनाही मी दुरुस्त केले. गेलेल्या माणसाविषयी चांगले बोलावे हे मला मान्य आहे, पण ते निदान त्याच माणसाविषयी असावे, एवढीच माझी अपेक्षा होती. सातव्या वक्त्याच्या वेळी मात्र मी खाली बसून राहिलो. त्याची चूक सर्वांत मोठी होती, आणि ती चूक आहे हे त्या सभागृहात माझ्या समजुतीप्रमाणे फक्त दोघांना ठाऊक होते, मला आणि माझ्या बायकोला. तिसरा जाणकार तू. तू हार घालून भिंतीवर बसला होतास आणि तुझ्याकडून साक्षीची अपेक्षा करता येत नव्हती.

पहिल्याने सांगितले की तू मितभाषी होतास. तू! ज्याला बोलण्यासाठी तोंड मोकळे असण्याचीही गरज वाटत नसे! ओठांत चार खिळे धरून तू सरपंचापासून सिनेमापर्यंत कशावरही बोलायचास, आणि खिळ्यांच्या आडून आलेले तुझे शब्द लोकांना कळत नसत, म्हणून त्यांनी तुला अबोल ठरवून टाकले. दुसऱ्याचे म्हणणे, तू शिकलेला नव्हतास. किनवटच्या शाळेत सातवीपर्यंत आपण एका बाकावर होतो आणि तुझे अक्षर माझ्यापेक्षा चांगले होते, ही गोष्ट मी आज प्रथमच लेखी मान्य करतो आहे. तिसरा म्हणाला, हणमंतराव कधी कोणावर रागावले नाहीत. मी उठून विचारले, "तुम्ही त्यांना कधी घाईत काम करायला सांगितले होते का?" तो म्हणाला, "न्हाई." "मग तुम्हाला काय ठाऊक!" म्हणून मी बसलो.

सातवे बोलायला उठले ते वाचनालयाचे अध्यक्ष, आपले वकीलसाहेब. आवाज भरून आलेला. "माणूस किती प्रामाणिक असावा, पाहा," ते म्हणाले. "गुरुजींच्या ओसरीच्या फळ्या सडल्या, तेव्हा या कारागिराने चारचौघांत कबूल केले की लाकूड कच्चे निघाले, नजर माझी चुकली. आज आपली चूक कोण कबूल करतो?" सभागृहात सर्वांनी माना हलवल्या. काहींनी माझ्याकडे कौतुकाने पाहिले, जणू त्या प्रामाणिकपणाचे स्थळ म्हणून माझ्या ओसरीलाही थोडा मान होता. तुझा बालाजी पहिल्या रांगेत डोक्याला रुमाल बांधून बसला होता. त्याने मान खाली घातली.

एवढ्यावर संपले असते, तर कदाचित मी आजही गप्प राहिलो असतो. पण सभेनंतर चहा झाला. वाचनालयाची ओसरीही माझ्यासारखीच फळ्यांची, दगडी खांबांवर उभी, आणि तीही खालून पोखरली गेली आहे, हे तुला माहीत होतेच. ते काम बालाजीला द्यायचे तोंडी ठरलेही होते. चहाच्या कपावर फुंकर मारत वकीलसाहेब समितीतल्या दोघांना म्हणाले, "बापाला लाकूड वळखू आलं न्हाई, तर पोराच्या भरवशावर वाचनालय कसं टाकावं? नांदेडहून माणूस बोलवू." बालाजी त्यांच्या पाठीशी बिस्किटांची ताटली घेऊन उभा होता. त्याने ऐकले. ताटली पुढे केली, "घ्या, साहेब," म्हणाला, आणि पुढच्या माणसाकडे गेला. तुझा प्रामाणिकपणा पाऊण तासात त्याच्या पोटावर येऊन पडला.

म्हणून आता मूळ हकिकत सांगणे भाग आहे. तुला ती माहीत आहे. पण तू ती लोकांना चुकीची सांगून ठेवलीस.

आठ वर्षांपूर्वी, किनवटच्या शाळेत मुख्याध्यापक म्हणून बदलून आल्यावर, निवृत्तीच्या आदल्या वर्षी मी हे घर घेतले. घर उतारावर, मागची खोली जमिनीवर आणि पुढची ओसरी खांबांवर अधांतरी, म्हणून तिला जमीन लाकडाची. जुन्या फळ्या काढून तू नव्या टाकल्यास. लाकूड तू वनविभागाच्या आगारातल्या लिलावात माझ्यासमोर निवडलेस. ठोकून पाहिलेस, वास घेतलास, एका ओंडक्याला तर तू नाक लावून इतका वेळ उभा राहिलास की शेजारचा माणूस मला म्हणाला, "ह्यांना बरं वाटून न्हाई राहिलं का?" गाभ्याचे, पोक्त, निर्दोष सागवान होते ते. हे वाक्य मी दोनदा लिहायला तयार आहे.

फळ्या बसवताना तू दोन फळ्यांमध्ये खिळा उभा धरायचास, फळी ठोकायचास आणि खिळा काढून घ्यायचास. खिळ्याच्या जाडीएवढी फट सगळीकडे राहिली. मी हरकत घेतली. रेणापूरच्या शाळेत मी अकरा वर्षे काढली आणि ती सगळी फरशीच्या घरात काढली. जमीन म्हणजे सलग, ही माझी ठाम समजूत. तू म्हणालास, "मास्तर, पानी वरून आलं तर त्याला खाली जाऊ दे. न्हाई जाऊ दिलं तर ते तितंच बिऱ्हाड करतंय." मी म्हणालो, हे शास्त्रीय उत्तर नव्हे. तू म्हणालास, "न्हाई. पान्याचं उत्तर हाय."

नंतर चव्हाण सर नवी ओसरी पाहायला आले. आमच्या शाळेतले चित्रकलेचे शिक्षक, रेषेत खोट दिसली की त्यांना झोप लागत नाही. त्यांनी ओसरीवर चपलेचे टोक फिरवले आणि म्हणाले, "गुरुजी, सुतारानं फसवलं तुमाला. फटी राहिल्या." बस. मला कोणी फसवू शकते हा आरोप मी आयुष्यात सहन केलेला नाही. दुसऱ्या दिवशी मी शाळेतून आणलेल्या खडूंचे तुकडे खलबत्त्यात कुटले, जवसाच्या तेलात मळून फटींत भरायची लांबी तयार केली, आणि तीन दिवस पालथा पडून एक एक फट बुजवली. पांढरे तुकडे पुरले नाहीत, म्हणून गुलाबी आणि पिवळेही कुटले. वरून लाकडाच्या रंगाचा हात फिरवला. माझी बायको, सुमन, स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून विचारीत होती, "हणमंत भाऊजीला इचारलं का?" मी म्हणालो, घर माझे आहे.

मग तिने रोज सकाळी ओसरीवर बादली ओतली, जशी ती रेणापूरच्या फरशीवर ओतायची. पावसाळ्यात वाऱ्याने झड आत आली. पाण्याला कुठेच जाता आले नाही. ते लाकडात मुरून थांबले.

गेल्या दिवाळीनंतर मी ओसरीवर उभा राहून दूधवाल्याला मराठवाड्याच्या इतिहासातली एक चूक समजावून सांगत होतो. मुद्दा ठसवण्यासाठी पाय आपटला आणि गुडघ्यापर्यंत खाली गेलो. सुमनने तुला फोन केला: "भाऊजी, लवकर या, हे जमिनीत चाल्ले!" तू आलास. कोणत्याही दुसऱ्या माणसाने आधी माझ्याकडे पाहिले असते. तू आधी फळीकडे पाहिलेस, वाकून तिचा वास घेतलास, आणि मग म्हणालास, "मास्तर, हालू नको. फळी अजून तुटंल."

"माझा पाय तुटेल!"

"पाय तुजा हाय. फळी माजी हाय."

मला बाहेर काढल्यावर तू पहारीने ती फळी उचकटलीस आणि उलटी केलीस. खालची बाजू भिजलेल्या पावासारखी झाली होती. बोट लावले की आत जाई. आणि कडेला, फळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, गुलाबी, पिवळा, पांढरा पट्टा. वरचा रंग वरच राहिला होता, खाली सगळी शाळा उघडी पडली होती. तू त्या पट्ट्यापुढे उकिडवा बसलास. तुझ्या ओठांत त्या वेळी एकही खिळा नव्हता, तरी तू बोलेनास. मी मनात उत्तरांची जुळवाजुळव करीत होतो.

"मास्तर," तू विचारलेस, "शाळंत गुलाबी खडू कशाला लागतोय रे?"

"नकाशातल्या सीमा दाखवायला."

"अन् पिवळा?"

"वाळवंटाला."

"हाव का." तू पट्टा नखाने खरवडलास. "म्हंजी तुज्या ओसरीत सीमा बी हायत अन् वाळवंट बी हाय. पान्याची वाट तेवढी काढायची राहिली."

या विषयावर तू मला जे बोललास ते एवढेच. मी वादाला पूर्ण तयार होतो. माझ्याकडे चार मुद्दे होते, त्यांपैकी दोन चांगले होते. तू ते मांडायची संधीच दिली नाहीस.

दुपारी चव्हाण सर आले, कारण माझा पाय ओसरीत गेला ही वार्ता बसस्थानकापर्यंत पोचली होती. त्यांनी उचकटलेल्या फळ्यांकडे पाहून म्हटले, "काय हणमंतराव, तुमचं काम इतक्यात सडलं?" फळ्या सगळ्या सुलट्या रचलेल्या होत्या, गुलाबी-पिवळा पट्टा भिंतीकडे. त्या कोणी रचल्या, हे मला माहीत आहे. मी रचल्या नव्हत्या. तू डोके न उचलता म्हणालास, "लाकूड कच्चं निघालं, सर. माजीच नजर चुकली."

मी पहार धरून तिथेच उभा होतो, हणमंता. शिक्षण खात्याच्या अधिकाऱ्यांची शुद्धलेखनाची चूक मी भर सभेत दाखवलेली आहे. लग्नपत्रिकेवरचा मजकूर दुरुस्त करून मी पत्रिका परत पाठवलेली आहे. आणि माझ्यासमोर, माझ्या ओसरीवर, माझ्या सर्वांत जुन्या मित्राने स्वतःच्या हाताविरुद्ध खोटे सांगितले, आणि मी ते दुरुस्त केले नाही. मी चव्हाण सरांना म्हणालो, "चहा घेणार का?"

तू असे का केलेस, याविषयी तीन मते आहेत. सुमन म्हणते, तुझ्या मनात माझ्याविषयी माया होती. मला हे मत भाबडे वाटते. माया असलेला माणूस दुसऱ्याचा पाय फळीत असताना फळीची चौकशी करीत नाही. बालाजी म्हणतो, गावात गुरुजींचे हसे होऊ नये म्हणून. यात तथ्य आहे, पण पूर्ण नाही. माझे मत असे की, खरे सांगितले असतेस तर मी नऊ दिवस वाद घातला असता आणि ओसरी आजही उघडी पडली असती. तुला काम करायचे होते. तू सर्वांत स्वस्त मार्ग निवडलास, आणि तो तुला किती महाग पडणार होता, हे पाहायला थांबला नाहीस.

दुरुस्तीला लागलेले ते नऊ दिवस मात्र माझ्या आयुष्यातल्या सर्वांत चांगल्या दिवसांत मोडतात. यावर मी कोणाशीही वाद घालायला तयार आहे. पाच तुळयांपैकी दोन सडल्या होत्या. त्या तू बदललास. नव्या तुळयांना तू गाडीचे जळके तेल पाजलेस, वाळवी येऊ नये म्हणून, आणि तो वास माझ्या धोतराला आजही आहे. भिंतीला लागून असलेल्या तीन फळ्या चांगल्या निघाल्या. "ह्यांना पानी पोचत न्हाई, ह्या ऱ्हाऊ दे," म्हणालास. आणि मला एकच काम दिलेस: प्रत्येक दोन फळ्यांमध्ये खिळा उभा धरायचा. पासष्टीचा निवृत्त मुख्याध्यापक नऊ दिवस उकिडवा बसून खिळा धरीत होता, आणि तू हातोडा उचलण्यापूर्वी दर वेळी विचारीत होतास, "मास्तर, फट हाय का?"

"आहे."

"बग बरं का नीट. नंतर म्हनशील सुतारानं फसवलं."

शेवटच्या दिवशी सुमनने शेंगदाण्याची चटणी, ज्वारीची भाकरी आणि पिठले केले. आपण नव्या फळ्यांवर जेवायला बसलो. मी म्हणालो, "हणमंता, त्या लांबीविषयी..." तू भाकरीचा तुकडा मोडलास. "जेव," म्हणालास. "गार व्हतंय." मी जेवलो. ते वाक्य तिथेच राहिले. पुढे पाच महिने आपण रोज भेटलो, रोज भांडलो, आणि मी ते पूर्ण केले नाही. पिठले गार होत नव्हते, तरी केले नाही.

काल, सोमवारी, मी वाचनालयाच्या समितीपुढे गेलो. वकीलसाहेब, चव्हाण सर आणि आणखी दोघे. मी उभा राहून एका दमात सांगितले, "हणमंताची फळी कच्ची नव्हती. फटी मी बुजवल्या. फळ्या माझ्यामुळे सडल्या."

मग वकीलसाहेबांनी डोळे पुसले. "गुरुजी, तुमचं मन लई मोठं हाय. दोस्तासाठी कोन असं बोलतंय आजकाल?"

"मी खरे बोलतो आहे."

"हाव, हाव. पन खुद्द हणमंतरावानं सांगितलं की. गेलेला माणूस खोटं कशाला बोलंल?"

"तेव्हा तो जिवंत होता!" मी ओरडलो.

"माझ्या देखत बोलले ते," चव्हाण सर म्हणाले. "मी साक्षीदार हाय."

कल्पना कर, हणमंता. आयुष्यभर मी बरोबर आहे हे लोकांनी माझ्याकडून पुरावा न मागता मान्य केले, बहुधा घरी लवकर जाता यावे म्हणून. आणि मी चुकलो हे सांगायला गेलो तर चौघेही मला मोठ्या मनाचा ठरवून मोकळे झाले. तू मरणोत्तर माझ्याविरुद्ध वाद जिंकत होतास, आणि तोही खोट्या बाजूने. हे मी कसे चालू देईन? मी चौघांना उठवले आणि माझ्या घरी आणले.

सुमन दारातच होती. "वहिनी, गुरुजी काय म्हनून राहिले बघा," वकीलसाहेब म्हणाले. "खरं म्हनून राहिले," ती म्हणाली. "इतक्या दिसांनी का व्हईना." मी तिच्याकडे पटाशी मागितली, तिने उलथने आणून दिले. मी भिंतीलगतच्या त्या तीन जुन्या फळ्यांपुढे गुडघ्यावर बसलो आणि फटीत उलथने घातले. वरचा तपकिरी पापुद्रा निघाला. खाली गुलाबी. वकीलसाहेबांनी तुकडा उचलून बोटाने चोळला. बोट गुलाबी झाले. मी पुढे खणले. पिवळे निघाले.

चव्हाण सर खाली वाकले. त्यांनी तो तुकडा डोळ्यांजवळ धरला आणि त्यांचा आवाज बदलला. "हा आमच्या कपाटातला रंगीत खडू हाय! गुरुजी, रंगीत संपले म्हणून मी दोन साल पांढऱ्या खडूनं मोर काढून राहिलो होतो!"

ते वापरून संपलेले तुकडे होते, असे मी त्यांना सांगितले. या मुद्द्यावर मी आजही ठाम आहे.

मग माणसे खरी हसली. सभेतले भरलेले आवाज गेले आणि किनवटच्या चहाच्या टपरीवरचे हसणे माझ्या ओसरीवर आले. वकीलसाहेब खुर्चीत बसून म्हणाले, "म्हंजी हणमंतरावानं आमाला समद्यांना येड्यात काढलं." मी म्हणालो, आता बरोबर बोललात. काम बालाजीकडेच राहिले. नांदेडच्या माणसाला न येण्याचा फोन त्यांनी माझ्यासमोर केला.

संध्याकाळी मी बालाजीकडे गेलो. तो कारखान्यात एकटाच रंधा मारत होता. मी सगळे सांगितले, तुला जेवताना सांगायचे होते ते वाक्यही. त्याने शेवटपर्यंत ऐकले. मग विचारले, "गुरुजी, तुमाला समदं म्हाईत व्हतं. बाबा जित्ता असताना कामून न्हाई बोलले?"

प्रत्येक प्रश्नाला माझ्याकडे उत्तर असते. या प्रश्नाला दोन उत्तरे मी वाटेतच तयार करून ठेवली होती आणि दोन्ही चांगली होती. मी ती दिली नाहीत. मी म्हणालो, "लोक मला शहाणा समजत होते. ते तसेच राहावे, असे वाटले."

तो रंध्यातली भुकटी फुंकत राहिला. "बाबाला म्हाईत व्हतं तुमी बोलनार न्हाई ते," म्हणाला. "मला म्हनला व्हता, मास्तर एक डाव बोलंल, पन उशिरा बोलंल. तवा तू ऐकून घे." मग त्याने रंधा खाली ठेवला. "बरं. उद्या सकाळी वाचनालयावर या. फळीवर रेघ मारायची हाय, सूत धरायला दुसरा माणूस लागतोय. पन एक अट हाय. मधी बोलायचं न्हाई."

आज सकाळी मी गेलो. गेरूत बुडवलेल्या सुताचे एक टोक त्याच्याकडे, एक माझ्याकडे. त्याने सूत ताणले, मधोमध चिमटीने उचलून सोडले, आणि फळीवर लाल रेघ उमटली. तू तो आवाज ऐकलेला आहेस. अशा बावीस रेघा मारल्या. चौथी रेघ मला स्पष्टपणे तिरपी वाटली. नवव्या रेघेच्या वेळी त्याने सूत चुकीच्या बाजूने धरले, अशी माझी खात्री होती. चव्हाण सर रस्त्यातून जाताना थांबले आणि त्यांनी लाकडाविषयी एक अत्यंत अडाणी विधान केले.

हणमंता, मी एक शब्द बोललो नाही. दोन्ही रेघा मोजल्यावर सरळ निघाल्या.